सिलिकॉनची मूस आणि माणसाचा हात

अर्धवाहक उद्योगाचा इतिहास बहुधा संशोधकांच्या नावांनी आणि ट्रान्झिस्टरच्या वाढत्या आकड्यांनी सांगितला जातो. ज्या भांड्यात या उद्योगाचा मूळ पदार्थ वितळवला जातो त्या भांड्याला, आणि ते कोणी, कशाने उचलून, कशात गुंडाळून भट्टीपर्यंत नेले या प्रश्नाला, त्या इतिहासात फारशी जागा मिळत नाही. सिलिकॉनचा स्फटिक ज्या क्वार्ट्झच्या मुशीतून ओढून काढतात ती मूस आकाराने मोठी, काचेइतकी ठिसूळ आणि मळाच्या बाबतीत इतकी हळवी असते, की तिची घडण आणि तिची हाताळणी यांना एकमेकांपासून वेगळे काढता येत नाही. गेल्या सत्तरएक वर्षांत या मुशीभोवती जी यंत्रे, पिशव्या, खोके आणि नियम उभे राहिले, त्या साऱ्यांचा रोख माणसाचा उघडा हात तिच्यापासून दूर ठेवण्याकडे होता. मूस जड झाली म्हणून हात मागे सरला, असा समज सहज होतो. पण तो अर्धाच खरा आहे, कारण वजनाचा प्रश्न उभा राहण्याआधीच हातावरच्या घामाच्या मिठाने हाताला हद्दपार केले होते.

मोठी आणि नाजूक औद्योगिक भांडी सुखरूप नेण्याची विद्या मात्र सिलिकॉनपेक्षा पुष्कळ जुनी आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये जोशुआ वॉर्ड याने गंधकाम्ल तयार करण्यासाठी दीडदोनशे लिटर मावतील असे काचेचे प्रचंड गोल वापरले. १७४६ मध्ये जॉन रोबक याने बर्मिंगहॅम येथे शिशाच्या पत्र्याच्या कोठ्या उभारल्यावर आम्लाच्या निर्मितीतून काच मागे पडली, तरी आम्लाच्या वाहतुकीतून ती पुढे दीर्घकाळ हटली नाही. कारबॉय या नावाने ओळखले जाणारे काचेचे मोठे बुधले वेताच्या करंड्यांत किंवा लाकडी चौकटींत बसवून, भोवती पेंढा दाबून, जहाजांतून आणि रेल्वेच्या वाघिणींतून जात. या बांधणीचे सूत्र सरळ होते: आतली वस्तू कठीण आणि ठिसूळ असेल तर बाहेरचे वेष्टन मऊ आणि दबणारे असावे. नत्राम्लाने या सूत्राची मर्यादा दाखवून दिली. बुधला फुटला किंवा झिरपला की तीव्र नत्राम्लाच्या संपर्कात आलेला पेंढा पेट घेई, आणि जे वेष्टन रक्षणासाठी घातले तेच आगीचे कारण ठरे. वेष्टन केवळ मऊ असून भागत नाही, आतल्या पदार्थाशी त्याचे रासायनिक वैर नसावे लागते, हा धडा रसायन उद्योगाने असा चटके सोसून घेतला.

क्वार्ट्झ काचेचा प्रवेश याच उद्योगात प्रथम झाला. क्वार्ट्झ म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे स्फटिकरूप संयुग, आपल्याकडे गारगोटी म्हणून परिचित असलेले खनिज. ते वितळवून थंड केले की त्याची स्फटिकरचना मोडते आणि निव्वळ सिलिकेची काच उरते. जर्मनीतील हानाऊ येथील हेरॅयस कंपनीत रिशार्ड क्यूख याने १८९९ मध्ये हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्योतीत क्वार्ट्झ वितळवून पारदर्शक काच मिळवली, तर इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळच्या वॉल्सेंड येथे १९०६ मध्ये स्थापन झालेल्या थर्मल सिंडिकेट या कंपनीने विजेच्या साहाय्याने वाळू वितळवून बुडबुड्यांनी भरलेली अपारदर्शक सिलिका-पात्रे बाजारात आणली. आम्ले आटवण्यासाठी ही पात्रे उपयोगी पडली, कारण बहुतेक आम्लांचा त्यांच्यावर परिणाम होत नाही आणि तापमानाचा झटका त्यांना तडकवत नाही. सिलिकेच्या काचेचे प्रसरण प्रयोगशाळेतील बोरोसिलिकेट काचेच्या सुमारे एक षष्ठांश असते. आघात आणि ओरखडा यांपुढे मात्र ही काचही इतर काचेसारखीच हतबल आहे. ए. ए. ग्रिफिथ याने १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात काचेचे बळ तिच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म भेगांवर अवलंबून असते हे दाखवले, आणि त्यामुळे भांडे आपटू न देणे पुरेसे नसून ते कशालाही घासू न देणेही तितकेच आवश्यक आहे, या कारागिरांच्या जुन्या अनुभवाला शास्त्रीय आधार मिळाला.

या काचेला सिलिकॉनची मूस होण्याचा मान मिळाला तो दुसरा पर्याय सापडला नाही म्हणून. १९१६ मध्ये बर्लिन येथे यान चोक्राल्स्की या पोलिश धातुशास्त्रज्ञाने धातू किती वेगाने स्फटिकरूप घेतात हे मोजण्यासाठी वितळलेल्या धातूतून बारीक तार हळूहळू वर ओढण्याची रीत शोधली. बेल प्रयोगशाळेत गॉर्डन टील आणि जॉन लिटल यांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस तीच रीत जर्मेनियमचे एकस्फटिक, म्हणजे आरपार एकच अखंड अणुरचना असलेले स्फटिक, काढण्यासाठी वापरली. जर्मेनियम ९३८ अंश सेल्सिअसला वितळते आणि ग्रॅफाइटच्या भांड्यात निमूट राहते. पुढे टील आणि अर्नेस्ट ब्यूलर सिलिकॉनकडे वळले तेव्हा प्रश्न बदलला, कारण सिलिकॉन १४१४ अंशांना वितळते आणि त्या तापमानाला ग्रॅफाइटशी संयोग पावून कार्बाइड बनवते; बहुतेक धातूंनाही ते आपल्यात विरघळवून टाकते. क्वार्ट्झ काचेलाही ते विरघळवते, पण इतक्या सावकाश की तेवढ्या वेळात स्फटिक ओढून होतो. त्या उष्णतेत काच मऊ पडून बसू लागते, म्हणून तिला बाहेरून ग्रॅफाइटच्या जाड भांड्याचा आधार द्यावा लागतो, आणि काम संपल्यावर थंड होताना ती फुटतेच. हुपरीच्या चांदी कारागिराची मूस अनेक वितळणी झेलते. सिलिकॉनची मूस साधारणपणे एका भट्टीपुरतीच जगते, आणि तिचे सारे मोल कारखान्यापासून त्या भट्टीपर्यंतच्या एकमेव प्रवासावर टांगलेले असते.

मुशीतून सिलिकॉनमध्ये उतरणाऱ्या अशुद्धींना या उद्योगाने सारखे वागवले नाही. विरघळणाऱ्या काचेतून येणारा ऑक्सिजन बहुतांशी वायुरूपाने उडून जातो, पण त्याचा काही अंश स्फटिकात राहतो, आणि हा अंश उपकारक आहे असे कालांतराने आढळले. तो स्फटिकातून कापलेल्या पातळ चकतीला बळकटी देतो आणि योग्य प्रक्रियेनंतर घातक धातूंना चकतीच्या पोटात अडकवून तिच्या पृष्ठभागापासून दूर ठेवतो. मूस नको असणाऱ्यांनी विद्युतचुंबकीय उष्णतेने फक्त एक पट्टा वितळवत नेण्याची वेगळी पद्धत विकसित केली, आणि काही शक्तिशाली विद्युत उपकरणांसाठी ती आजही वापरली जाते, परंतु मोठ्या व्यासाच्या चकत्यांच्या बाबतीत मुशीचीच पद्धत टिकली. सोडियम आणि पोटॅशियम या अल्कली धातूंना मात्र कोणतीही सवलत मिळाली नाही. १९६५ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीतील स्नो, ग्रोव्ह, डील आणि सा यांनी ट्रान्झिस्टरवरील ऑक्साइडच्या पातळ थरात सोडियमचे आयन विजेच्या दाबाखाली सरकतात हे दाखवून दिले. तोवर गूढ वाटणारी उपकरणांची अस्थिरता त्यातून उलगडली. त्याच सुमारास, १९६२ मध्ये, अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत विलिस व्हिटफील्ड याने गाळलेल्या हवेचा एकसंध प्रवाह खोलीभर वाहत ठेवणारी स्वच्छ खोली सिद्ध केली. हवेतली धूळ आणि त्वचेवरचे मीठ हे दोन्ही शत्रू एकाच दशकात ओळखले गेले, ही या इतिहासातील निर्णायक गोष्ट मानावी लागेल.

मुशीवर हे मीठ काय करते ते जवळून पाहण्यासारखे आहे. उघड्या बोटाचा ठसा काचेवर उमटला तर थंड अवस्थेत तो डोळ्याला जेमतेम दिसतो आणि पुसला तर दिसेनासा होतो, पण त्यातील अल्कली क्षारांचा लवलेश मागे राहतो. भट्टीत तापमान हजार-बाराशे अंशांच्या वर गेले की त्या जागी काचेची विस्कळीत रचना पुन्हा स्फटिकाकडे वळू लागते, आणि क्रिस्टोबलाइट नावाचे सिलिकेचे स्फटिकरूप पांढुरक्या डागासारखे उमटते. ते पसरते आणि वाढता वाढता त्याची एखादी खपली सुटून द्रवात पडते. तरंगत ती वर ओढल्या जात असलेल्या स्फटिकाला जाऊन चिकटली की अणूंची अखंड ओळ तिथे मोडते, आणि त्यापुढे कितीही सिलिकॉन ओढले तरी ते एकस्फटिक राहत नाही. अनेक तासांचे काम आणि शेकडो किलो महागडा पदार्थ अशा एका स्पर्शापायी वितळपात्रात परत जातो किंवा टाकाऊ ठरतो. १९९० च्या दशकात मुशीला बेरियमचा अतिपातळ लेप देऊन हे स्फटिकीकरण सगळीकडे सारखे आणि बारीक व्हावे अशी युक्ती निघाली, म्हणजे जे टाळता येत नाही त्याला शिस्त लावण्यात आली. परंतु या लेपामुळे बाहेरचा स्पर्श क्षम्य झाला नाही.

आकारवाढ याच काळात वेगाने झाली. साठच्या दशकातील सिलिकॉनच्या चकत्या २५ मि.मी.च्या आसपास होत्या, सत्तरच्या दशकाच्या मध्यास त्या १०० मि.मी. झाल्या, नव्वदच्या सुमारास २०० आणि शतक पालटताना ३०० मि.मी. झाल्या. पहिल्या मुशी एका हाताच्या पंजात मावत, ३०० मि.मी.च्या स्फटिकासाठी वापरली जाणारी मूस सुमारे ८० सें.मी. व्यासाची असते, तिचे स्वतःचे वजन पन्नास-साठ किलोंच्या घरात जाते आणि तिच्यात ३०० किलोंहून अधिक सिलिकॉन भरले जाते. ती घडवताना फिरत्या साच्यात क्वार्ट्झची वाळू ओततात, केंद्रोत्सारी बलाने ती साच्याच्या भिंतीला चिकटून राहते, आणि ग्रॅफाइटच्या विद्युतदांड्यांमधील ठिणगीच्या दोन हजार अंशांहून अधिक उष्णतेत आतून वितळत जाते. साच्याच्या भिंतीतून हवा शोषून घेतल्याने आतला थर बुडबुडेरहित आणि पारदर्शक होतो, तर बाहेरचा थर बुडबुड्यांमुळे दुधी राहून उष्णता सारखी पसरवतो. हिऱ्याच्या पात्याने काठ कापल्यावर आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाने पृष्ठभागाचा पातळ पापुद्रा काढून अतिशुद्ध पाण्याने धुतल्यावर मूस तयार होते, आणि त्या क्षणापासून तिला कोणी शिवायचे नसते.

एवढी जड वस्तू दोन माणसे उचलू शकतात, पण ती घट्ट धरायची तर अंगाशी लावावी लागते, आणि अंगाशी लावली की कपडे, घाम आणि धागे यांचा संबंध येतो. हातमोजा घसरला तर काठ कुठेतरी टेकतो आणि टवका उडतो. म्हणून निर्वाताने चिकटणारे चूषक, बाहेरून किंवा काठाखालून धरणाऱ्या पकडी आणि तोल सांभाळणारे उचलयंत्र यांचा आधार घेण्यात आला. या साधनांची खरी कसोटी उचलण्यापेक्षा धरण्यात असते: आतल्या पृष्ठभागाला शक्यतो न शिवता, बाहेरच्या दुधी भिंतीवर दाब सारखा वाटून, मागे काहीही न सोडणाऱ्या स्वच्छ पॉलिमरच्या गाद्यांनी मूस तोलायची असते. चकत्यांच्या वाहतुकीतही हेच घडले. पंचवीस चकत्या मावणारा बंद डबा छतालगतच्या रुळावरून यंत्रांपर्यंत जाऊ लागला आणि ३०० मि.मी.च्या कारखान्यांत कामगाराने डबा उचलून नेणे जवळपास थांबले.

वेष्टनाच्या बाबतीत कारबॉयची सारी परंपरा उलटी करावी लागली. पेंढा, भुसा, लाकडाचा कीस, रद्दी हे स्वस्त आणि मऊ पदार्थ इथे निषिद्ध ठरले, कारण त्यांतले धागे आणि क्षार हाच मुख्य धोका होता. पुठ्ठ्याचा खोका चालतो, पण मुशीला लागून नव्हे. स्वच्छ खोलीत मूस पॉलिथिनच्या एका पिशवीत बंद होते, तिच्यावर दुसरी पिशवी चढते, आणि मगच ती फोमच्या आधारांसह खोक्यात आणि खोका लाकडी तळावर जातो. ग्राहकाच्या कारखान्यात हाच क्रम उलट्या दिशेने पाळला जातो. खोका बाहेरच्या गोदामात राहतो, दोन दारांमधल्या मधल्या खोलीत बाहेरची पिशवी पुसून काढून टाकली जाते, आणि आतली पिशवी भट्टीच्या स्वच्छ भागातच उघडते. कोणतेही वेष्टन स्वतःपेक्षा स्वच्छ जागेत पाऊल टाकत नाही. तुलनेसाठी पालोमार वेधशाळेच्या २०० इंची आरशाची आठवण करता येईल. १९३६ मध्ये कॉर्निंगहून कॅलिफोर्नियाला निघालेली ती वीस टनांची पायरेक्स काच पोलादी आवरणात उभी बांधून, खास वाघिणीवरून, केवळ दिवसा आणि अगदी संथ गतीने नेण्यात आली होती, आणि वाटेत लोकांनी तिला पाहायला गर्दी केली. तो प्रवास आघातापासून जपण्याचा होता. पुढे घासून-घोटून तयार व्हायच्या त्या काचेला धुळीचे भय नव्हते.

त्या आरशाची वाळू आणि आजच्या मुशींची वाळू यांचे गाव मात्र एक असल्याचे सांगितले जाते. उत्तर कॅरोलायनातील स्प्रूस पाइन परिसरात अभ्रक आणि फेल्डस्पार खणताना मागे उरणारे क्वार्ट्झ पूर्वी टाकाऊ समजले जाई. त्यातील अल्कली आणि इतर अशुद्धी अतिशय कमी असल्याने ते मुशींच्या आतल्या थरासाठी जगभर जाऊ लागले. कोकणात सिंधुदुर्गातील कासार्डे परिसरातून निघणारी सिलिका वाळू काच आणि ओतकामाच्या कारखान्यांना पुरते, परंतु मुशीच्या आतल्या थराला लागणारी शुद्धता ही वेगळीच पायरी आहे आणि ती गाठू शकणाऱ्या खाणी जगात थोड्याच आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन या चक्रीवादळाने स्प्रूस पाइनच्या खाणी काही काळ बंद पाडल्या, तेव्हा वर्तमानपत्रांच्या अनेक वाचकांना या गावाचे नाव प्रथमच कळले.

सौर उद्योगाने या मुशीच्या आयुष्याची कल्पना अलीकडे बदलली आहे. खर्च कमी करण्यासाठी एक स्फटिक ओढून झाला की मूस थंड न करता तीत पुन्हा सिलिकॉन भरून दुसरा, तिसरा स्फटिक ओढला जातो, आणि एकेक मूस शेकडो तास वितळलेल्या सिलिकॉनखाली राहते. त्यामुळे हाताळणीतला दोष उघड व्हायला लागणारा वेळही वाढला आहे. पूर्वी जो डाग पहिल्याच स्फटिकात दिसला असता, तो आता चौथ्या किंवा पाचव्या ओढणीत खपली टाकतो, आणि तोवर मुशीचे वेष्टन, गाडी आणि ती उतरवून घेणारी पाळी यांचा माग काढणे अवघड झालेले असते. म्हणून मुशीवर कोरलेला क्रमांक आणि तिच्याबरोबर चालणारी नोंद, म्हणजे ती कोणत्या वाळूची, कधी धुतली, कोणत्या पिशवीत बांधली आणि कधी उघडली याचा कागद, यांना आज उचलयंत्राइतकेच महत्त्व आले आहे.