नाळेचा चिमटा

नाळेचा चिमटा हे नवजात बालकाची नाळ कापण्यापूर्वी ती दाबून बंद करण्याचे, एकदाच वापरावयाचे साधन होय. रुग्णालयात त्यास 'कॉर्ड क्लॅम्प' म्हणतात. घरी 'बेंबीची क्लिप' हे नाव अधिक रूढ आहे. बाळाच्या बाजूला उरलेल्या नाळेच्या टोकातून रक्तस्राव होऊ नये, एवढेच या चिमट्याचे काम आहे. जंतुसंसर्गापासून तो स्वतः कोणतेही संरक्षण देत नाही. ते संरक्षण स्वच्छ हात, निर्जंतुक पाते आणि कोरडी ठेवलेली नाळ यांतून मिळते. या दोन गोष्टींची गल्लत लोकांमध्ये वारंवार होत असल्याने हा भेद आरंभीच स्पष्ट करणे इष्ट आहे.

== रचना ==

नाळ सुमारे ५० सेंटिमीटर लांब असते. तिच्यात एक नीला व दोन रोहिण्या असून त्यांभोवती 'व्हार्टनची जेली' नावाचा बुळबुळीत, लिबलिबीत पदार्थ असतो. हा पदार्थ सुकू लागला की नाळ आकसते, आणि धाग्याने मारलेली गाठ अशा वेळी सैल पडण्याचा धोका असतो. चिमट्याच्या दोन्ही भुजांच्या आतील बाजूस बारीक दाते असतात. त्यामुळे तो निसटत नाही आणि नाळ बारीक झाली तरी पकड टिकून राहते. चिमटा प्लॅस्टिकचा, साधारण ५ सेंटिमीटर लांबीचा असतो. एका टोकास बिजागरी व दुसऱ्या टोकास खटका असतो. खटका एकदा बसला की चिमटा हाताने उघडत नाही. तो काढण्यासाठी बिजागरी कापावी लागते. तो निर्जंतुक करून बंद पाकिटात येतो. पाकीट आधीच फाटलेले असल्यास तो वापरू नये.

== केव्हा लावतात ==

जन्मानंतर काही मिनिटे नाळेत ठोके जाणवत राहतात आणि वारेतील रक्त बाळाकडे येत असते. पूर्ण दिवसांच्या बाळाला या अवधीत सुमारे ८० ते १०० मिलिलिटर रक्त मिळते. तीन किलो वजनाच्या बाळाच्या शरीरातील एकूण रक्ताशी तुलना केली तर हे प्रमाण जवळजवळ एक-तृतीयांश भरते. या रक्तातील लोह पुढील काही महिने उपयोगी पडते व तान्ह्या वयातील रक्तक्षय कमी होतो. जेथे गरोदर स्त्रियांमध्येच रक्तक्षय सर्रास आढळतो, तेथे याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

नाळ घाईने बांधणे बाळास अपायकारक आहे, असे इंग्लंडमधील वैद्य इरॅस्मस डार्विन यांनी १८०१ मध्येच लिहून ठेवले होते. तरीही विसाव्या शतकात रुग्णालयांतून बाळ बाहेर येताच नाळ कापण्याची पद्धत रूढ झाली. आता जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस जन्मानंतर १ ते ३ मिनिटांनी, म्हणजे किमान एक मिनिट थांबून, नाळ बंद करावी अशी आहे. या वेळात बाळाला पुसून, कोरडे करून आईच्या पोटावर ठेवता येते. त्यामुळे रक्त कमी पोहोचते ही समजूत खरी नाही. उशिरा नाळ कापलेल्या काही बाळांना काविळीसाठी प्रकाशोपचार द्यावे लागतात, म्हणून त्यांच्याकडे लक्ष ठेवतात. बाळ श्वास घेत नसेल आणि त्याला त्वरित कृत्रिम श्वास देणे आवश्यक असेल, तर मात्र वाट न पाहता नाळ कापली जाते.

== कसा लावतात ==

बेंबीपासून २ ते ३ सेंटिमीटर अंतरावर चिमटा लावून खटका बसल्याचा आवाज ऐकतात. त्याच्या पुढे, आईच्या बाजूस, आर्टरी फोर्सेप लावतात आणि दोहोंच्या मधोमध निर्जंतुक कात्रीने अथवा पात्याने नाळ कापतात. चिमट्यात पोटाची त्वचा अडकता कामा नये. नाळेचे मूळ नेहमीपेक्षा फुगीर दिसत असल्यास तेथे आतड्याचा भाग असण्याचा संभव असतो; अशा वेळी चिमटा बराच दूर लावतात. अत्यवस्थ बाळाला नाळेतील नीलेतून औषध देण्याची गरज भासेल असे वाटल्यास टोक मुद्दाम लांब ठेवले जाते. कापलेल्या टोकावर तीन रक्तवाहिन्यांची तोंडे दिसतात. दोनच दिसल्या तर तशी नोंद करून बाळाची अधिक तपासणी करतात.

== धागा, पाते आणि धनुर्वात ==

चिमटा अलीकडचा; नाळ बांधून कापण्याची रीत फार जुनी. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात नाळ आठ अंगुळांवर सुताने बांधून कापावी आणि सुताचे टोक बाळाच्या गळ्यात बांधावे, असे सांगितले आहे. चरकसंहितेत कापण्यासाठी सोने, रुपे किंवा लोखंड यांचे धारदार शस्त्र सुचविले आहे. गावोगावच्या सुइणींकडे मात्र पुढील काळात विळा, जुने पाते किंवा हाताशी असेल ते हत्यार असे. कापलेल्या जागी राख, हळद, तेल, क्वचित शेणही लावले जाई.

धनुर्वाताचे बीजाणू मातीत व शेणात असतात. ते कापलेल्या नाळेतून शरीरात शिरले की बहुधा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बाळ आचळ धरीनासे होते, जबडा आवळतो, अंग ताठ होऊन झटके येतात. उपचार न मिळाल्यास बहुतेक बाळे दगावतात. पाचवी-सटवाईच्या पूजेशी निगडित असलेले भय याच दिवसांभोवतीचे आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्या भयामागे अनुभव होता. कारण मात्र दृष्टीआड राहिले होते.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या परिसरातील बालमृत्यूचे प्रमाण १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ इतके होते. प्रकल्पाने गावातल्याच स्त्रियांना, ज्यांपैकी अनेक निरक्षर होत्या, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. सुरक्षित बाळंतपण हा त्यांच्या शिक्षणाचा एक मुख्य भाग होता. हात साबणाने धुणे, पाते व धागा स्वच्छ असणे आणि नाळेवर काहीही न लावणे या गोष्टींसाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही, हे जामखेडने दाखवून दिले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जंतुदोष वेळीच ओळखून गावातच उपचार करणे हा त्या प्रयोगाचा गाभा होता.

गरोदरपणी मातेला दिली जाणारी धनुर्वाताची लस (पूर्वी 'टीटी', आता 'टीडी') हे दुसरे कवच होय. आईच्या रक्तातील प्रतिद्रव्ये वारेतून बाळापर्यंत पोहोचतात. बाळाला पहिले संरक्षण नाळेच्याच वाटेने मिळते. २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे प्रमाणित झाले. येथे उच्चाटनाचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण असा आहे. मातीतील बीजाणू होते तेथेच आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील ९४.७ टक्के प्रसूती संस्थांमध्ये झाल्या. त्यामुळे अहिल्यानगर शहरालगतचे नागापूर असो वा आडवळणाची वाडी, बाळाच्या बेंबीवर आता बहुधा प्लॅस्टिकचा चिमटाच दिसतो. घरी अचानक बाळंतपण झाल्यास निर्जंतुक धाग्याच्या घट्ट गाठी हा आजही योग्य पर्याय आहे. चिमटा मिळाला नाही म्हणून गंजके पाते आणि घरातला मळका दोरा वापरणे मात्र घातक ठरते.

== चिमटा काढणे व नाळेची निगा ==

नाळ पुरेशी वाळली असल्यास २४ ते ४८ तासांनंतर चिमटा काढता येतो. पुष्कळ रुग्णालयांत तो तसाच ठेवतात आणि नाळेबरोबर गळून पडू देतात. नाळ बहुधा ५ ते १५ दिवसांत पडते. तोवर ती उघडी व कोरडी ठेवावी, लंगोट बेंबीच्या खाली दुमडावा, चिमटा ओढू अथवा पिळू नये. हळद, तूप, पावडर यांपैकी काहीही लावू नये. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा आग्रह मायेपोटी असतो, पण तो येथे मोडावा लागतो. नाळ पडताना रक्ताचा एखादा थेंब दिसणे स्वाभाविक आहे.

बेंबीभोवतीची त्वचा लाल होऊन सुजणे, पू किंवा दुर्गंधी येणे, रक्त वाहत राहणे, बाळाला ताप येणे, त्याचे अंग थंड पडणे किंवा त्याने दूध ओढणे बंद करणे, यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तीन आठवडे उलटूनही नाळ पडली नाही तरीही डॉक्टरांना दाखवावे. आशा कार्यकर्तीच्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशीच्या गृहभेटींत (घरी प्रसूती झाल्यास पहिल्या दिवशीही) बाळाची बेंबी पाहणे अपेक्षित असते. त्या वेळी दुपटे सोडून ती दाखवावी.