हुडकेश्वर ते मेडिकल : वाटेतली विद्या

हुडकेश्वरच्या एखाद्या लेआउटमध्ये कुणी अचानक कोसळलं, की शेजारीपाजारी जमतात आणि कुणीतरी म्हणतं, ‘मेडिकलला न्या.’ मेडिकल म्हणजे 1947 साली सुरू झालेलं नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय. म्हाळगीनगर, मानेवाडा, तुकडोजी पुतळा या ओळखीच्या वाटेने तिथे पोहोचायचं. या वाक्यातलं क्रियापद ‘न्या’ आहे, हे लक्षात घेण्यासारखं आहे. उपचार पोहोचल्यावर सुरू होणार आणि वाटेतला वेळ नुसता काढायचा, ही समजूत फार जुनी आहे. तो रिकामा वेळ ज्ञानाने भरत गेला, त्यातून रुग्णवाहिकेतल्या पॅरामेडिकचा पेशा जन्मला. या पेशाची विद्या म्हणजे डॉक्टरकीची लहान केलेली प्रत, असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं. मला ते चूक वाटतं, आणि ते चूक असल्याचा सर्वांत भक्कम पुरावा विदर्भातच आहे.

आधी थोडं दूरचं. 1960 साली बाल्टिमोरमध्ये कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी दाखवून दिलं, की छाती न उघडता, नुसत्या तळहातांनी दाबूनही थांबलेल्या हृदयाचं काम काही काळ चालवता येतं. यामुळे जीव वाचवणारी एक क्रिया शस्त्रक्रियागृहातून रस्त्यावर आली. तेव्हा अमेरिकेच्या कित्येक शहरांत रुग्ण पोलिसांच्या गाडीतून, नाहीतर चक्क शववाहिकेतून नेले जात. 1967 मध्ये पिट्सबर्ग इथे ‘फ्रीडम हाउस’ सेवा उभी राहिली. डॉ. पीटर सफार यांनी तिच्यासाठी निवडली ती हिल भागातली, नोकरीसाठी कुणी उभंही करत नसे अशी कृष्णवर्णीय माणसं. सुमारे 300 तासांच्या शिक्षणानंतर ती श्वासमार्ग मोकळा ठेवणं, श्वास देणं, रक्तस्राव थांबवणं ही कामं उत्तम करू लागली. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी त्यांना शिकवलं आणि या विषयाचं गाजलेलं पाठ्यपुस्तक लिहिलं.

ही अमेरिकेची गोष्ट, आपल्याकडे अडाणी माणसाच्या हाती सुई कशी द्यायची, असा आक्षेप येईल. त्याला गडचिरोलीने उत्तर दिलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत, जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून नवजात बाळाची काळजी शिकवली. श्वास न घेणाऱ्या बाळाला मुखवट्याने श्वास देणं, जंतुदोषाची लक्षणं ओळखणं आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं ही कामं त्या घरोघरी जाऊन करत. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी दगावणाऱ्यांचं प्रमाण 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर आलं होतं. कुणी म्हणेल, नवजात बाळ वेगळं आणि उमरेड रोडवरचा अपघात वेगळा. आजार वेगळे आहेत, हे मान्य. पण प्रश्न शिकवण्याचा आहे : मोजकी लक्षणं, ठरलेला क्रम, पुन्हा पुन्हा सराव आणि प्रत्येक कृतीची नोंद. ही पद्धत बाळापुरती मर्यादित का राहावी, याचं कारण मला सापडत नाही.

तरीही महाराष्ट्राने 2014 मध्ये 108 सेवा सुरू केली, तेव्हा वेगळी वाट धरली. 937 गाड्या आल्या : 233 प्रगत जीवरक्षक, 704 मूलभूत. आंध्र प्रदेशात 2005 पासून याच क्रमांकाच्या गाडीत प्रशिक्षित तंत्रज्ञ बसत होता. आपण डॉक्टर बसवला, बहुधा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा पदवीधर. निर्णयामागचा विचार समजण्यासारखा आहे. असे पदवीधर राज्यात भरपूर होते आणि डॉक्टर सोबत आहे म्हटलं, की नातेवाइकांना धीर येतो. या डॉक्टरांनी केलेलं काम मोलाचंच आहे. पण या निवडीमुळे वाटेतल्या विद्येला स्वतंत्र पेशा म्हणून वाढायला आपल्याकडे जागा उरली नाही. शिवाय जास्त पदवी म्हणजे जास्त जीव वाचणं, हे गणितही सरळ नाही. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात, लवकर विजेचा झटका देण्याची सोय असलेल्या सेवेत नळी घालणं आणि शिरेतून औषध देणं ही प्रगत कामं वाढवली गेली. हृदय थांबलेल्या रुग्णांत वाचणाऱ्यांचं प्रमाण आधी 5.0 टक्के होतं, नंतर 5.1 झालं. 2004 सालचा हा निष्कर्ष आहे. उपयोग झाला तो लगेच छाती दाबणाऱ्या हातांचा आणि वेळेवर दिलेल्या झटक्याचा.

वाटेतल्या विद्येचं वेगळेपण पट्ट्याच्या गोष्टीत सर्वांत स्पष्ट दिसतं. साप चावला, की वर करकचून दोरी आवळायची, हे विदर्भाच्या शेतशिवारात पिढ्यानपिढ्या पाठ होतं. आज शिकवलं जातं ते उलट. आवळू नका, कापू नका. धीर द्या, मोडलेल्या हाडासारखा हातपाय स्थिर ठेवा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात पोहोचवा. मात्र मांडीतून रक्ताची धार लागली असेल, तर तसाच आवळणारा पट्टा जीव वाचवतो. मध्यंतरी बदनाम झालेला हा पट्टा इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांनंतर पुन्हा मानाने परतला. म्हणजे एकच कृती एका रुग्णाला घातक आणि दुसऱ्याला तारक. भेद ओळखायला हाताशी मिनिटंच असतात, ना एक्स-रे, ना रक्ततपासणी. औषधांचंही तसंच. 20 हजारांहून अधिक जखमींवर झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ट्रॅनेक्झामिक ॲसिड या स्वस्त औषधाने मृत्यू घटले. पुढच्या विश्लेषणात दिसलं, की तीन तास उलटल्यावर दिलं तर ते अपायही करू शकतं. घड्याळ इथे औषधाच्या मात्रेइतकंच महत्त्वाचं.

2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने आणीबाणी वैद्यकीय तंत्रज्ञाला व्यावसायिकांच्या यादीत नाव दिलं. आज हा पेशा शिकणाऱ्या नागपूरच्या मुलामुलींच्या हाती निदान ते नाव आहे. हुडकेश्वरहून निघालेली गाडी मेडिकलच्या कॅज्युअल्टीपाशी थांबते, तेव्हा आतल्या डॉक्टरला त्यांच्याखेरीज कुणीच सांगू शकत नाही अशी एक गोष्ट असते : पट्टा किती वाजता बांधला.