पीतज्वर व्हायरसाचा १७-डी वाण
पीतज्वरावरील लशीसाठी वापरला जाणारा व्हायरसाचा दुर्बल वाण. प्रयोगशाळेतील संवर्धनात व्हायरसात उत्परिवर्तने (आनुवंशिक द्रव्यात घडून येणारे बदल) कशी साठत जातात व ती उपकारक अथवा अपायकारक कशी ठरतात, याचे हा वाण उत्तम उदाहरण आहे.

डासांमार्फत पसरणाऱ्या या रोगाच्या व्हायरसाचा ‘असिबी’ वाण १९२७ मध्ये गोल्ड कोस्टमधील (सध्याच्या घानामधील) एका रुग्णाच्या रक्तापासून ऱ्हीसस माकडात मिळविण्यात आला. या संशोधनातील एड्रियन स्टोक्स त्याच वर्षी पीतज्वराने मरण पावले. मॅक्स थायलर यांनी १९३० मध्ये हा व्हायरस उंदरांच्या मेंदूत वाढतो असे दाखविले. मात्र तेथे वारंवार वाढविल्यास त्याची यकृतास इजा करण्याची क्षमता घटे आणि मेंदूस असलेला धोका वाढे.

त्यामुळे रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या न्यूयॉर्क येथील प्रयोगशाळेत थायलर व त्यांचे सहकारी ऊतकसंवर्धनाकडे वळले. असिबी वाण प्रथम उंदराच्या भ्रूणाच्या ऊतकात १८ वेळा, नंतर कोंबडीच्या संपूर्ण भ्रूणाच्या ऊतकात ५८ वेळा व त्यापुढे मेंदू आणि मेरुरज्जू काढून टाकलेल्या भ्रूणाच्या ऊतकात संवर्धित करण्यात आला. ८९ व्या व ११४ व्या उपसंवर्धनांच्या दरम्यान त्याची मेंदूस इजा करण्याची क्षमता एकाएकी घटली. रोगप्रतिकारक्षमता निर्माण करण्याचा गुण मात्र टिकून राहिला. थायलर व ह्यू स्मिथ यांनी १९३७ मध्ये ही लस जाहीर केली. १९५१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक थायलर यांना मिळाले.

तंत्रिका ऊतकाचा अभाव हेच या बदलाचे कारण असावे, असे प्रथम वाटले. परंतु तोच प्रयोग पुन्हा करूनही तसा वाण मिळाला नाही. या व्हायरसाचे आनुवंशिक द्रव्य आरएनए असून त्याच्या प्रती तयार होताना झालेल्या चुका दुरुस्त होत नाहीत. त्यामुळे प्रत्येक पिढीत भिन्न उत्परिवर्ती निर्माण होतात. संवर्धनात डास, यकृत वा शरीराची प्रतिकारयंत्रणा यांपैकी काहीच नसल्याने तेथील कोशिकांत (पेशींत) वेगाने वाढणारे उत्परिवर्ती इतरांना मागे टाकतात. उत्परिवर्तन यदृच्छेने घडते; निवड परिस्थिती करते. १९८७ मध्ये दोन्ही वाणांची तुलना केली असता सु. १०,८६२ न्यूक्लिओटाइडांपैकी ६८ ठिकाणी फरक आढळला. त्यामुळे प्रथिनांतील ३२ ॲमिनो अम्ले बदललेली होती.

दुर्बल झालेला वाणही बदलतच राहतो, हे ब्राझीलमधील अनुभवावरून स्पष्ट झाले. तेथे १९३७ पासून मोठ्या प्रमाणावर लसीकरण सुरू झाले. पुढे स्वतंत्रपणे वाढविलेल्या काही उपवाणांची प्रतिकारक्षमता निर्माण करण्याची शक्ती कमी झाली, तर १९४१ मध्ये एका उपवाणाची लस टोचलेल्यांपैकी काहींना मस्तिष्कशोथ (मेंदूचा दाह) झाला. त्यानंतर बीजसाठा पद्धती रूढ झाली. तीनुसार तपासलेल्या व्हायरसाचा साठा गोठवून ठेवतात आणि ठराविक मर्यादेपलीकडे उपसंवर्धने करीत नाहीत. १७-डीच्या प्रचलित लशींपैकी १७डी-२०४ ही लस २३५–२४० व्या, तर १७डीडी ही २८७–२८९ व्या उपसंवर्धनातील असते. लसीकरणानंतर क्वचित गंभीर विकार उद्‌भवत असले, तरी जगभर या लशीच्या ५० कोटींहून अधिक मात्रा देण्यात आल्या आहेत. तिची सुरक्षितता मूळ उत्परिवर्तनांइतकीच पुढील उत्परिवर्तने रोखण्यावर अवलंबून आहे.