बोट एकट्या सुनेकडंच का?

मूल मान धरत नाही, झटके येतात, की आमच्या तामलवाडीकडं बोट आधी सुनेकडं जातं. 'मायटोकॉन्ड्रियाचा आजार आईकडूनच येतो' हेही मी बातमीच्या निमित्तानं फिरताना ऐकलंय. ते अर्धंच खरं आहे.

पेशीला ऊर्जा देणाऱ्या या मायटोकॉन्ड्रियात स्वतःचा डीएनए असतो, हे १९६३ ला मार्गिट आणि सिल्वन नास यांनी दाखवलं. १९८१ ला केंब्रिजमध्ये तो पूर्ण वाचला गेला. जनुकं फक्त ३७, येतात आईकडून. १९८८ ला त्यातले दोष आजारी माणसांत सापडले. आपल्या कानापर्यंत गोष्ट एवढीच आली.

पण मायटोकॉन्ड्रियाला लागणारी हजारावर प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात, आणि ती जनुकं आई-बाप दोघांची. तिथला पहिला दोष १९९५ ला फ्रान्समधल्या संशोधकांनी शोधला. लहान मुलांत हा आजार बहुतेकदा याच वाटेनं येतो. दोघंही धडधाकट, पण दोघांकडं एकेक सदोष प्रत. मग प्रत्येक बाळंतपणात चारात एक धोका.

मामाची पोरगी करायची आपली रीत जुनी. इरावती कर्वेंनी १९५३ च्या पुस्तकात ती नोंदवलीय. नात्यात तीच सदोष प्रत दोघांकडं असायची शक्यता वाढते. सोयरीक जुळवली थोरल्यांनी, जाब मात्र सुनेला!

घरात असं मूल असेल तर पुढच्या बाळाआधी मुलाची आणि दोघांची जनुकीय तपासणी करून घ्या. एकटीची नको.