बालाघाटच्या माथ्यावर

श्रोतेहो, वसंत ऋतू आला की शहरात प्रवासाचे बेत सुरू होतात. कोणी महाबळेश्वरला निघतो, कोणी माथेरानला. अशा वेळी आम्ही बीड जिल्ह्याचे नाव घेतले की समोरचा गृहस्थ हमखास विचारतो, "तिथं पाहण्यासारखं काय आहे?" या प्रश्नाचा आम्हांला राग येत नाही. दुष्काळ आणि ऊसतोड या दोन शब्दांपलीकडे या जिल्ह्याची ओळख करून देण्याची तसदी आजवर फारशी कोणी घेतलेलीच नाही. तेव्हा आज ती थोडीशी घेऊ.

प्रथम नावच पाहा. बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख. मोगल अंमलात दक्षिणेचे बालाघाट आणि पाईनघाट असे भाग पाडीत. पहिला घाटाच्या वरचा, दुसरा खालचा. तेच नाव पुढे या डोंगररांगेला चिकटून राहिले. हा डोंगर सह्याद्रीसारखा आकाशात घुसलेला नाही. वर सपाट माळ, काळ्या कातळाचे थर आणि कडेला एकाएकी तुटलेली दरी, असा त्याचा घाट आहे. मांजरा नदी याच माळावर पाटोद्याच्या बाजूला उगम पावते आणि पूर्वेकडे जाऊन गोदावरीला मिळते.

या तुटलेल्या कडेचे महत्त्व लढणाऱ्या माणसाला आधी कळले. धारूरचा किल्ला हा त्याचा पुरावा. विजापूरच्या अली आदिलशहाचा सरदार किश्वरखान याने तो १५६७ साली उभारला. तीन बाजूंना दरी, उरलेल्या बाजूस खंदक. निजामशाहीच्या उंबऱ्यावरच ही आगळीक झाल्याने मुर्तझा निजामशहा चिडून चालून आला, किल्ला घेतल्याखेरीज रिकिबीतून पाय काढणार नाही अशी शपथ त्याने वाहिली, आणि किश्वरखान बाण लागून पडला, असे फेरिश्ता सांगतो. बादशहांच्या शपथांवर किती विश्वास ठेवावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. किल्ला मात्र निजामशाहीकडे गेला. १६३१ साली मोगलांच्या आझमखानाने तो जिंकला. त्या वेळी दख्खनेत १६३० पासूनचा भयंकर दुष्काळ चालू होता. तटावर उभे राहून खालची दरी पाहताना आम्हांला बादशहांपेक्षा त्या वर्षी घाट उतरून गेलेल्या उपाशी माणसांची आठवण अधिक येते. त्यांची नावे कोणत्याही तवारिखेत नाहीत.

परंतु या भागात एकच गाव पाहायचे असेल तर अंबाजोगाई पाहावे. निजामी अमदानीत मोमिनाबाद म्हणून ओळखले जाणारे, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी असलेले, हेच ते गाव. योगेश्वरीच्या देवळात कोकणातील कितीतरी घराण्यांची कुळे कुलदेवतेच्या दर्शनाला येतात. समुद्राकाठच्या माणसांची देवी इतक्या दूर डोंगरावर कशी, याची कथा गावकरी मोठ्या हौसेने सांगतात. देवीचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले होते, मुहूर्त टळला, लग्न राहिले आणि वऱ्हाडाचे दगड झाले. ते वऱ्हाड म्हणजे गावाजवळच्या हत्तीखान्यातील दगडी हत्ती! वास्तविक ती कातळात खोदलेली प्राचीन शिवलेणी आहेत. पण लेणे खोदणाऱ्यांची आठवण पुसली गेल्यावर लोकांनी आपल्या परीने त्या हत्तींना कामाला लावले, यात वावगे काय?

जवळच्या दरीत मुकुंदराजांची समाधी दाखवतात. 'विवेकसिंधू'चा काळ शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, असा परंपरेने मानला जातो. पंडितांत त्यावर वाद आहे, आणि स्थळाबद्दलही आहे. भंडाऱ्याकडील आंभोऱ्याचा दावा आपल्याला ठाऊकच असेल. तो वाद आज सोडवण्याचा आमचा विचार नाही. दासोपंतांबद्दल मात्र असा वाद नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांतील या विलक्षण ग्रंथकाराला कागद पुरेना की काय, त्याने 'पंचीकरण' चक्क लांबलचक पासोडीवर लिहून काढले. ती पासोडी अंबाजोगाईतच जतन करून ठेवलेली आहे.

आम्हांला सर्वांत अधिक थांबवून धरले ते एका शिलालेखाने. यादव सम्राट सिंघण याचा सेनापती खोलेश्वर हा इथला. त्याच्या काळातील १२२८ आणि १२४० या सालांचे संस्कृत लेख अंबाजोगाईला आहेत, इतिहाससंशोधक ग. ह. खरे यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यांपैकी १२४० च्या लेखातून कळते ते असे : खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातेवरील स्वारीत नर्मदाकाठी लढताना पडला, आणि त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ देऊळ उभारले. साम्राज्याच्या मोहिमा आपण शाळेत पाठ केल्या. त्या मोहिमेची किंमत एका घराने काय दिली, हे मात्र या दगडावर वाचायला मिळते. सिंघणाच्या विजयांच्या यादीत लक्ष्मीला जागा नाही. तिची जागा अंबाजोगाईतच आहे. आमची तक्रार एवढीच की देवळात येणारी शंभर माणसे या लेखापुढून जातात आणि त्यांतील एकाला कोणी सांगत नाही की हा दगड काय बोलतो. शेंदूर, तेल आणि पावसाचे पाणी यांना अक्षर ओळखता येत नाही, माणसाला येते.

याच गावी १९३५ नंतर स्वामी रामानंद तीर्थ योगेश्वरी शाळेत शिकवीत होते. पुढे हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे ते नेते झाले, हे आपणांस सांगायला नकोच.

बाकीची ठिकाणे धावती सांगतो. बीडजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकातली. तिचे पाणी कोणत्याही मोटेवाचून, केवळ उताराने, पाटांतून शेतांना जाते. पाण्याची टंचाई असलेल्या जिल्ह्यात हा चमत्कार देवळाइतक्याच भक्तीने पाहावा. कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आणि तिच्याजवळ धबधबा. कार्तिकी पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते. सौताड्याला विंचरणा नदी उंच कड्यावरून खाली झेपावते आणि दरीत रामेश्वराचे देऊळ आहे. नायगावला १९९४ पासून मोरांचे अभयारण्य आहे.

आता केव्हा जावे? श्रोतेहो, उन्हाळ्यात जाल तर सौताड्याचा कडा कोरडा असेल आणि तुम्ही आम्हांलाच बोल लावाल. श्रावण-भाद्रपदात जा. त्या दिवसांत माळ हिरवा असतो, आणि दुसरेही एक कारण आहे. दिवाळीच्या सुमारास या डोंगरातील हजारो कुटुंबे कोयते घेऊन पश्चिमेकडच्या साखर कारखान्यांवर जातात. मग वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसे आणि कुलपे उरतात. पावसाळ्यात घरे उघडी असतात. १७ सप्टेंबर २०२५ पासून बीड-अहिल्यानगर आगगाडीही सुरू झाली आहे. बीडला उतरून एस. टी. धरा, मांजरसुंब्यावरून घाटमाथ्याने केजमार्गे अंबाजोगाई गाठा, आणि देवीचे दर्शन झाल्यावर कोणालाही विचारा, खोलेश्वराचे देऊळ कुठे आहे.