शीग की सपाट?

परवा माळा झाडताना आजोबांची लोखंडी पायली सापडली. पुतण्या म्हणे, "काका, हा डबा कशाचा?" म्हणून ही नोंद.

जुना हिशोब असा: २ चिपटी म्हणजे १ मापटं, २ मापटी म्हणजे १ शेर, ४ शेरांची पायली, १२ पायल्यांचा मण, २० मणांची खंडी. हे वजन नव्हे, माप. तेवढ्याच पायलीत भरीव ज्वारी जड भरते, पोचट हलकी. शिवाय तराजूचा मण वेगळा, ४० शेरांचा, म्हणजे ३७ किलोच्या थोडा वर. नाव एक, माल दोन. गोंधळ तिथूनच.

खरी गोम शिगेत. घेताना शीग लावायची, देताना हात फिरवून सपाट करायचं. आखाजीला सालदार ठरायचा, त्याचं धान्य पायलीनं. पहिल्या मापाला "एक" न म्हणता "लाभ" म्हणत आजोबा मोजायचे, पण सपाट. पायलीमागे शीग अर्धा शेर धरा. महिन्याच्या १२ पायल्यांना ६ शेर, वर्षाला १८ पायल्या, म्हणजे दीड मण. एका घराची कितीतरी दिवसांची भाकर. लहानपणी मला यातलं काही कळलं नाही. आता पायली हातात घेतली की लाज वाटते.

हे आपल्याकडचंच नाही. ज्यू लोकांत १० ओमेरचा एफा आणि १० एफांचा होमेर असे. त्यांच्या धर्मग्रंथात दंडकच आहे, की घरात लहान-मोठे दोन एफा ठेवायचे नाहीत. म्हणजे हात फिरवणारे तिथंही होतेच!

आपल्याकडे १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो आला. तरी गावात पायली बरीच वर्षं चालली.

आणि खंडी तर अजून जिवंत आहे. रुईचा भाव आजही खंडीवर निघतो. ही खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारे ३५६ किलो. धान्याच्या खंडीशी हिचा संबंध नाही. क्विंटल कापसातून ३४-३५ किलो रुई धरली, तर एका खंडीला दहा-साडेदहा क्विंटल कापूस लागतो. मोबाईलवर खंडीचा भाव वाचून हुरळू नका, आधी हा भागाकार करा. सरकीचा पैसा वेगळा धरा, जिनिंगचा खर्च वजा करा, मग व्यापाऱ्याशी बोला.

पायली मी धुऊन ठेवली आहे. यंदा सालदाराला धान्य किलोनंच देईन, पण वर एक पायली देणार. शीग लावून.