दूर राहण्याची विद्या

नवें साधन हातीं आलें म्हणजे त्याचा उपयोगहि आपल्याला कळला, असा मनुष्याचा सहज समज होतो. लांब पल्ल्याचें भिंग घेऊन पांखरांच्या मागें लागणाऱ्या नवशिक्याची हीच गत होते. आमचीहि तीच झाली. १५० पासून ६०० मिलिमीटरपर्यंत पल्ला बदलणारें झूम भिंग घेऊन आम्ही एका चैत्रांत भिगवणजवळ उजनी जलाशयाच्या कांठीं गेलों, तेव्हां पक्ष्यांच्या अगदीं जवळ जाण्याचा परवानाच आपल्याला मिळाला आहे, अशी आमची समजूत होती. या साधनाचा इतिहास पाहिल्यावर मात्र ती समजूत उलटी ठरली. तो इतिहास थोडक्यांत सांगण्याचा येथें विचार आहे.

छायाचित्रणाच्या बाल्यावस्थेंत प्रकाशग्राही कांचा मंद होत्या आणि भिंगांचा पल्ला तोकडा होता. फांदीवरचें पांखरूं चित्रांत ठिपक्याएवढें उमटे. १८८२ सालीं फ्रान्समधील एतिएन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञांनीं सेकंदास १२ चित्रें टिपणारें, बंदुकीच्या आकाराचें एक यंत्र सिद्ध केलें. परंतु त्यांना पक्ष्यांच्या पंखांची गति अभ्यासावयाची होती, पक्ष्यांचा संसार पाहावयाचा नव्हता. तो पाहावयाचा तर जवळ जाणें भाग होतें. आणि पक्षी जेथें हटकून परत येतो अशी जागा म्हणजे त्याचें घरटें. म्हणूनच पक्ष्यांच्या छायाचित्रणाची पहिली शाळा घरट्यापाशीं भरली.

या शाळेचे आद्य विद्यार्थी रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे यॉर्कशायरमधील दोघे भाऊ. ब्रिटनमधील पक्ष्यांच्या घरट्यांवरील त्यांचें सचित्र पुस्तक १८९५ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं रेजिनाल्ड लॉज यांनीं घरट्यावर बसलेल्या लॅपविंग पक्ष्याचें छायाचित्र घेतलें. हा लॅपविंग म्हणजे आपल्या टिटवीचाच सगोत्र. पुढें १९०० सालीं कीर्टन बंधूंनीं सांगाड्यावर बैलाचें कातडें चढवून एक पोकळ बैल तयार केला आणि त्याच्या पोटांत कॅमेरा घेऊन ते पांखरांची वाट पाहूं लागले. आज या खटाटोपाचें हंसूं येतें; पण त्यांत एक प्रकारचा विनय होता. पांखराला भिववावयाचें नाहीं, आपलें माणूसपणच लपवावयाचें, हें त्या युक्तीचें मर्म होय.

मात्र या जवळिकीची किंमत दोन्ही पक्षांना मोजावी लागे. १९३७ सालीं वेल्समध्यें एरिक हॉस्किंग हे घुबडाच्या घरट्याजवळ उभारलेल्या आडोशाकडे अंधारांत चढत असतां घुबडानें झडप घातली आणि त्यांचा डावा डोळा गेला. त्यांनीं व्यवसाय सोडला नाहीं. उलट १९७० सालच्या आपल्या आत्मचरित्राच्या नांवांतच त्या डोळ्यावर श्लेष साधला. घुबडानें मात्र केवळ आपलें घर राखलें होतें.

लांब पल्ल्याचीं भिंगें त्या काळीं नव्हतींच, असें नाहीं. पुढें प्रकाश एकवटणारें व मागें तो पसरविणारें भिंग बसवून, नळी आंखूड ठेवूनहि प्रतिमा मोठी करण्याची रचना लंडनच्या थॉमस डालमायर यांनीं १८९१ सालींच केली होती. पण प्रतिमा जितकी मोठी, तितकी ती अंधुक. आणि मंद कांचेवर ती उमटेपर्यंत स्थिर राहण्याचें सौजन्य पांखरूं क्वचितच दाखवी. पल्ला बदलणारें झूमार नांवाचें भिंग छायाचित्रकारांच्या हातीं आलें तें १९५९ सालीं. तेंहि ३६ ते ८२ मिलिमीटर एवढेंच. हाताचा कंप सावरणारें, कॅमेऱ्यास जोडावयाचें पहिलें भिंग निघालें १९९५ सालीं. थोडक्यांत, पांखराला न हटवितां त्याचें चित्र सहज मिळावें, यासाठीं डालमायरपासून शंभरांहून अधिक वर्षें लागलीं.

हें साधन वापरण्याची रीत तशी अवघड नाहीं. ६०० मिलिमीटरवर भिंगाची दृष्टि अवघी चार अंशांची असते. एकदम त्या पल्ल्यावर पांखरूं शोधूं गेल्यास आकाशच तेवढें दिसतें. म्हणून आधीं १५० वर तें गांठावें व मग पल्ला वाढवीत न्यावा. उडत्या पक्ष्यासाठीं शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनहि कमी वेळ उघडें ठेवावें, आणि चित्राची स्पष्टता डोळ्यावर साधावी. ऊन चढल्यावर तापलेली हवा थरथरूं लागते, तेव्हां उत्तम भिंगहि हतबल होतें. यास्तव सकाळचा प्रहर साधावा. हें सर्व आम्ही पुष्कळ चित्रें बिघडवून शिकलों.

पण खरा धडा एका टिटवीनें दिला. कांठच्या उघड्या माळावर खड्यांसारखीं दिसणारीं तिचीं चार अंडीं होतीं. आमच्या भिंगाला दूरचें दिसत असतांहि आम्ही पुढें पुढें सरकत गेलों. ती डोक्यावर घिरट्या घालीत ओरडत राहिली आणि आम्ही तिच्या त्या ओरडण्याचींच चित्रें घेत अर्धा तास तेथें बसलों. घरीं येऊन वाचतां कळलें कीं, कडक उन्हांत टिटवी पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून येते आणि अंड्यांना गारवा देते. तो गारवा आम्हीं अर्धा तास अडवून धरला होता. त्या दिवसाचीं चित्रें सुरेख आलीं आहेत. तीं आम्हीं कोणाला दाखविलीं नाहींत.

पुढें १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा चाळला, तेव्हां 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येंत पक्ष्यांचीं अंडीं वा घरटीं यांना उपद्रव देणें हेंहि घातलेलें आढळलें. बंदूक टाकून कॅमेरा घेतला म्हणजे मनुष्य शिकारी राहत नाहीं, असें आपण समजतों. कायदेकर्त्यांनीं तसें मानलेलें दिसत नाहीं, आणि त्या टिटवीनेंहि मानलें नव्हतें.

कीर्टन बंधूंना जवळ जाण्यावांचून गत्यंतर नव्हतें, म्हणून ते बैलाच्या कातड्यांत शिरले. आपल्यासाठीं मात्र डालमायरपासूनच्या कारागिरांनीं पिढ्यान् पिढ्या खपून अंतर मिळवून ठेवलें आहे. लांब भिंगाचें खरें देणें जवळीक नव्हे, तें अंतरच होय. आणि तें हातीं असतां पुढें सरकणें म्हणजे मिळालेली ठेव उधळणें. आतां आम्ही त्या माळावर जातों तेव्हां टिटवी ओरडूं लागली कीं चार पावलें मागें सरतों. ती पुन्हां अंड्यांवर बसली म्हणजे मगच भिंग डोळ्यास लावतों.